सोनतारीचं बी

एका राज्यात, नगराच्या डोक्यावर, एक पठार होतं. काळ्या कातळाचं, वाऱ्याचं, आभाळाला टेकलेलं. वर्षातले कितीतरी महिने तिथे गवताची काडीसुद्धा दिसत नसे. पाऊस सरत आला की मात्र कातळाच्या खाचाखाचांतून सोनतारी उगवे. जमिनीला बिलगून बसलेलं, सहा पाकळ्यांचं, पिवळंजर्द फूल. आकाराने बोटाच्या पेराएवढं. पण सारं पठार एकदमच असं फुले की खालच्या नगरातले लोक म्हणत, आज सूर्य वरच मुक्कामाला राहिला. ते कोणी लावलं नव्हतं, त्याला कोणी पाणी घालत नव्हतं. जमिनीखाली त्याचा काळा कंद वर्षानुवर्षं जिवंत राही. उन्हाळाभर झोपे आणि आपल्या वेळेला जागा होई.

त्या राज्याचा राजा सुकेतू. तरुण होता, शूर होता, आणि मनात आलेली गोष्ट त्याच दिवशी झाली पाहिजे, असा त्याचा स्वभाव होता. राणीचं नाव चारुमती. त्यांची मुलगी इंदुलेखा नुकती कुशीवर वळायला लागली होती.

एका उन्हाळ्यात दरबारात एक मांत्रिक आला. कालंजन त्याचं नाव. चेहरा ऐन विशीतला, डोळे मात्र फार जुने.

तो म्हणाला, "राजा, तुझ्या पठाराखाली सोन्याचा हंडा आहे."

"किती खोल?"

"सोनतारीच्या कंदांच्या खाली."

राजाने तिसऱ्या प्रहरी माणसं आणि कुदळी वर पाठवल्या, आणि स्वतःही गेला.

पठारावर एक चंडोल राहत असे. त्याला माणसाची वाचा होती, आणि राज्यात कोणाला त्याचं नवल वाटत नसे. तो राजापुढे कातळावर उतरला.

"राजा, खणू नकोस. या कंदांनी पठार शिवून ठेवलं आहे. शिवण उसवली तर आतलं बाहेर येईल आणि बाहेरचं आत जाईल."

राजा म्हणाला, "फुलं काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतील."

"कंदच उपटलेस तर कुठून येतील?"

राजाने माणसांना खूण केली. कुदळी चालू लागल्या. झोपलेले कंद ढिगांनी बाहेर पडले. सगळ्यांचे डोळे खड्ड्यात होते, त्यामुळे कालंजन ते कंद पोत्यांत भरून घेऊन कधी निघून गेला, हे कोणी पाहिलं नाही. अखेर हंडा लागला. माणसाच्या उंचीचा, गळ्यापर्यंत मोहरांनी भरलेला. राजाने आपल्या हाताने त्याचं झाकण काढलं.

त्या क्षणी राज्यातलं सगळं पिवळेपण त्या हंड्यात गेलं.

देव्हाऱ्यांतल्या ज्योती दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. डब्यांतली हळद राखेसारखी दिसू लागली. एका मांडवात नवरीला हळद लागत होती, तिच्या आयाबायांचे हात तसेच थांबले. ऊन होतं, पण ते चांदण्यासारखं पांढरं आणि फिकट पडू लागलं. हे सगळं लोकांनी सोसलं असतं. पण पाऊस झाला, भात पोटरीला आलं, दाणा दुधात भरला आणि तिथेच थांबला. कापणीचे दिवस आले आणि गेले. शेतं हिरवीच राहिली, मग काळवंडून आडवी झाली. आंबा पाडाला लागेना. केळी घडावर कडकच राहिली. जे कोवळं होतं ते कोवळंच राहत होतं, आणि जे आधी पिकलेलं होतं ते सुकत चाललं होतं. त्या राज्यातून पिकणंच गेलं होतं.

पाळण्यातली मुलं पाळण्यातच राहिली. इंदुलेखा कुशीवर वळे, हसे, पुन्हा पाठीवर पडे. दिवसांमागून महिने गेले; तिला दात आला नाही, ती पालथी पडली नाही. आधी राणीवशातल्या दासी म्हणत, उशिरा होतं एखाद्या मुलाचं. मग म्हणेनाशा झाल्या.

राजाने हंडा पुन्हा पठारावर नेला आणि खड्ड्यात उतरवला. खड्ड्याने तो वर ढकलून दिला. तीनदा उतरवला, तीनदा वर आला. तेव्हा राजा त्या उघड्या मातीवर बसला आणि चंडोलाला हाक मारली.

"माझं चुकलं. आता वाट सांग."

चंडोल म्हणाला, "पठार पुन्हा शिवावं लागेल. सोनतारीचा एक तरी कंद आण आणि इथे लाव. त्याचं पिवळेपण त्याच्या पोटात आहे, ते हंड्याला ओढता आलेलं नाही. ज्या दिवशी त्या झाडाचं बी आपलं आपण पिकेल, त्या दिवशी राज्यात सगळं पिकेल. कंद कालंजनापाशी आहे."

राणी चारुमतीने राज्याचा भार घेतला. जुन्या भाताची कोठारं तिने कुलूपबंद केली, बियाणं वेगळं काढलं आणि राहिलेलं घरटी वाटून दिलं. राजा चंडोलाला खांद्यावर घेऊन एकटा निघाला.

कालंजनाची दरी सात डोंगरांपलीकडे होती. त्या दरीत काळ फार वेगाने धावत असे, कारण एका माणसाने आपल्या अंगावरून टाळलेली सारी वर्षं तिथे येऊन पडली होती. राजाच्या डोळ्यांदेखत जमिनीतून कोंब निघे, त्याचा वृक्ष होई, मोहर येई, पानं गळत, खोड पोखरून कोसळे, आणि हे सगळं एका श्वासात. एक पाडस उड्या मारत समोरून आलं. राजाजवळून गेलं तेव्हा त्याची शिंगं मोठी झाली होती, आणि मागे वळून राजाने पाहिलं तेव्हा तिथे पांढरी हाडं होती. भोवतीच्या ओढ्याचं पाणी कातळ कापत खोल खोल जात होतं आणि राजाला त्याचा आवाज दूर जाताना ऐकू येत होता.

"थांबू नकोस," चंडोल म्हणाला. "आणि माझ्यावर हात धर."

राजाने पक्ष्याला छातीशी अंगरख्यात घेतलं आणि तो चालत राहिला. दरीच्या टोकाला पोचला तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत आली होती आणि पांढरीशुभ्र झाली होती.

कालंजन एका दगडावर मूठ आवळून बसला होता.

"आलास, राजा. सोनं पचलं नाही वाटतं."

"कंद कुठे आहेत?"

"एक कंद खाल्ला की वर्षभर म्हातारपण जवळ येत नाही. कित्येक पिढ्या मी हेच खात आलो. इतर राज्यांतली पठारं संपली, तुझं शेवटचं होतं. पोती भरून आणले, पण मातीबाहेर ते टिकले नाहीत. सडले." त्याने मूठ उघडली. तळहातावर काळा, सुरकुतलेला, बोटभर लांबीचा कंद होता. "एवढा उरला. खाल्ला तर एक वर्ष. पुढचं मला ठाऊक नाही."

"तू लावला का नाहीस?"

"या दरीत लावलेलं काय होतं, ते तू पाहत आला आहेस."

राजा म्हणाला, "मग मला दे. मी लावीन. जितके कंद होतील त्यांतले अर्धे तुझे. शब्द देतो."

"तू? तुला एक दिवस थांबवत नाही."

"शिकेन."

कालंजनाने त्या पांढऱ्या दाढीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मी बरोबर येतो. माझं आयुष्य तुझ्या भरवशावर सोडून मी इथे बसणार नाही."

पाऊस तोंडावर आला असताना ते पठारावर पोचले. चंडोलाने कातळातली एक उथळ खाच दाखवली. तिच्यात मूठभर मुरमाड माती होती, पाणी थांबत नव्हतं, दिवसभर ऊन होतं.

"इथे लाव. कोंबाचा डोळा वर ठेव. बोटाच्या दोन पेरांएवढंच खोल. आणि तीन गोष्टी पाळ. पोटभर माती देऊ नकोस. उन्हाळ्यात पाणी देऊ नकोस. फूल आलं तर त्याला हात लावू नकोस."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, राजा. पहिल्या वर्षी तो जागा ओळखेल. दुसऱ्या वर्षी मूळ रोवेल. मग त्याच्या मनात आलं तर फुलेल."

राजाने कंद लावला, शेजारी गवताची झोपडी बांधली आणि तिथे राहू लागला. कंद फुलेपर्यंत कोणी वर पाऊल ठेवू नये, असा निरोप त्याने खाली धाडला. पावसाळ्यात एक पान आलं. अरुंद, दुमडीचं, करंगळीएवढं. महिना गेला तरी ते करंगळीएवढंच राहिलं.

कालंजनाने कमरेची थैली सोडली. "सात नद्यांच्या मुखांवरचा गाळ आहे हा. कोळशासारखा काळा. यात काठी रोवली तरी पालवते. तुझं पान उपाशी आहे, राजा."

राजाला चंडोलाचं बोलणं आठवत होतं. पण त्याला इंदुलेखाही आठवत होती. त्याने एकच ओंजळ घेतली आणि रोपाभोवती घातली.

संध्याकाळपर्यंत पान गुडघ्याएवढं झालं. राजा आनंदाने त्याच्याभोवती फिरत राहिला. उजाडताना ते पान आडवं पडलेलं दिसलं. बुडाशी काळं झालं होतं आणि कुजका वास येत होता. राजाने नखांनी माती उकरली. अर्धा कंद लगदा झाला होता. त्याने कट्यारीने कुजलेला भाग कापला, कापलेल्या जागी राख चोळली, उरलेला तुकडा वाऱ्यावर सुकवला, खाचेतला सगळा गाळ काढून टाकला आणि मुरमात तो पुन्हा ठेवला.  कालंजनही त्याच्याइतकाच घाबरला होता. त्याने कपटाने गाळ दिला नव्हता. त्यालाही धीर नव्हता, एवढंच.

चंडोल कंदाजवळ उतरला, मान तिरकी करून पाहत राहिला.

"डोळा शाबूत आहे," तो म्हणाला.

पाऊस गेला. उरलंसुरलं पान सुकून वाऱ्याने उडून गेलं. उन्हाळा आला तेव्हा त्या खाचेत काही नव्हतं. कातळ असा तापला की पाय ठेववेना. राजा रोज त्या खाचेपाशी बसे आणि मातीकडे पाही. तिथे कंद जिवंत आहे की मेला, हे कळायला मार्ग नव्हता. कान लावला तर आतून काही ऐकू येत नसे. कितीदा त्याची बोटं मातीपर्यंत जात आणि तो ती मागे घेई.

अशा एका दुपारी कालंजनाने झोळी उघडली. तिच्यात ढग होता. एक लहानसा, राखाडी ढग, वासरासारखा अंग मुडपून झोपलेला. त्याने डोकं बाहेर काढलं आणि पठारावर ओल्या मातीचा वास पसरला.

"एक हाक मार, तो इथे बरसेल," कालंजन म्हणाला. "गाळाचं वेगळं होतं. हे नुसतं पाणी आहे."

राजाचे ओठ फुटले होते. खाली नगरातलं तळं आटून त्याचा तळ दिसत होता, तो त्याला इथून दिसे. तो ढगाकडे पाहत राहिला, मग खाचेकडे.

"तो झोपला असेल तर पाण्याने कुजेल. मेला असेल तर पाण्याने उठणार नाही," तो म्हणाला. मग ढगाला म्हणाला, "बाबा, खाली जा. तळ्यावर पड."

ढग झोळीतून उतरला, उतारावरून घरंगळत गेला आणि तळ्यावर जाऊन बरसला. लोक भांडी घेऊन धावले.

कालंजन म्हणाला, "माझ्यापाशी तो एकच होता."

"तहान तिथे होती," राजा म्हणाला. त्यानंतर त्याच्या बोटांनी मातीकडे ओढ घेतली नाही.

पावसाळा लागला आणि खाचेतून तीन पानं वर आली. राजाने कपाळ कातळाला टेकलं. त्या वर्षी फूल आलं नाही. राजाने फुलाची वाट पाहिली नाही, असं नाही. पण तो रोज उठून भोवतीचं उंच गवत हाताने उपटत होता, हरणं आली तर टाळी वाजवत होता, आणि राहिलेला वेळ पानांवर पाणी कसं थांबतं ते पाहत होता. कालंजनही हळूहळू शेजारी बसून गवत उपटू लागला. त्याच्या कानशिलांवर केस पांढरे होत होते. त्याने ते पाहिले होते, तरी तो आपलं काम करत राही.

आणखी एक उन्हाळा गेला. तिसरा पावसाळा ओसरत आला तेव्हा पानांच्या मधोमध, अगदी मातीलगत, एक कळी दिसली. आणि एका सकाळी ती उमलली.

इतक्या वर्षांत राज्यात कोणी पिवळं पाहिलं नव्हतं. राजा त्याच्यापाशी ओणवा झाला. त्या एवढ्याशा सहा पाकळ्यांतून उजेड येत होता आणि भोवतीच्या काळ्या कातळावर पडत होता. एक मधमाशी कुठून तरी आली, फुलावर बसली, आणि तिचे पाय पिवळे झाले. तिघेही, राजा, मांत्रिक आणि पक्षी, हलले नाहीत.

त्याच दिवशी राणी चारुमती मुलीला कडेवर घेऊन पठार चढून आली. राजाची पांढरी दाढी पाहून ती क्षणभर थबकली. मग त्याने "राणी" म्हटलं, आणि आवाजावरून तिने त्याला ओळखलं.

"महाराज, कोठारातलं शेवटचं बियाणं मी यंदा पेरलं," ती म्हणाली. "दाणा दुधात भरला आहे. आता आठवड्याभरात तो पिकला नाही, तर पुढच्या वर्षी पेरायला राज्यात काही नाही. हे सांगायला दूत पाठवायचा नव्हता, म्हणून स्वतः आले."

तेव्हा कालंजन बोलला. त्याचा आवाज हलका झाला होता.

"राणीसाहेब, एक गोष्ट मला ठाऊक आहे. हे फूल आत्ता खुडून मुलीच्या ओठांना लावलं, तर ती वाढेल. एकटी तीच. पण आजच वाढेल. बी पिकेल की नाही, ते कोणी सांगावं? एक गार वारा, एक हरीण, आणि सगळं संपेल."

राजाने चंडोलाकडे पाहिलं. चंडोल म्हणाला, "तो खरं बोलतो आहे."

राणी फुलापाशी बसली. इंदुलेखाने तो उजेड पाहिला. तिचे डोळे मोठे झाले आणि तिने हात पुढे केला. तिची बोटं पाकळ्यांच्या अगदी जवळ गेली. राजाला तो हात धरायचा होता आणि धरवत नव्हता. 

राणीने मुलीचा हात आपल्या मुठीत घेतला.

"महाराज," ती म्हणाली, "नगरात हिच्यासारखी किती मुलं पाळण्यात आहेत, ते मी घरोघर जाऊन पाहिलं आहे. मला त्यांची नावं ठाऊक आहेत. हिला एकटीला मोठी करून मी त्यांच्या दारांवरून कशी जाऊ?"

"नको," राजा म्हणाला. "फूल राहू दे. तूही इथेच थांब."

ती तिथेच राहिली. फूल दुसऱ्या दिवशी मिटलं आणि गळून पडलं. त्याच्या जागी हिरवी बोंडी धरली. रात्री थंड वारा सुटला तेव्हा राजाने आणि कालंजनाने दोन बाजूंनी आपली पाठ वाऱ्याला दिली आणि बोंडी मध्ये ठेवली. दिवसा ते बाजूला सरत, कारण तिला ऊन लागत होतं. राणी मुलीला मांडीवर घेऊन बसे आणि खालच्या हिरव्या शेतांकडे पाही. आठवडा सरत आला.

मग एका दुपारी, कोणी काही न करता, बोंडीची एक कड पिवळी झाली. पिवळेपण कडेवरून आत सरकलं. बोंडी सुकली, तडकली, आणि काळं, चकचकीत बी मातीवर सांडलं. एका मुंगीने त्यातलं एक उचललं आणि कातळाच्या भेगेकडे घेऊन चालू लागली; तिच्यामागून दुसऱ्या मुंग्या आल्या.

चंडोल सरळ आभाळात चढला आणि गाऊ लागला.

पठाराच्या पायथ्याला लागून असलेलं पहिलं शेत पिवळं झालं. मग त्याच्या पलीकडचं. मग बांधांमागून बांध, ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, नजर पोचेल तिथवर भात पिकत गेलं. उतारांवरून त्याची सळसळ वर ऐकू येत होती. नगरातल्या वेशीवरचा दिवा पांढऱ्याचा सोनेरी झाला. उन्हाला त्याचं पिवळेपण परत आलं. राणीच्या मांडीवर इंदुलेखा कुशीवर वळली, थोडी थांबली, मग पालथी पडली, हातांवर रेटून तिने मान वर केली, आणि मांडीवरून उतरून कातळावर रांगू लागली. राणी तोंडावर पदर धरून तिच्याकडे पाहत राहिली. खालून, घराघरांतून, मुलांचा आवाज येत होता.

काठावर पडून राहिलेला सोन्याचा हंडा नगरातून आलेल्या चार माणसांनी खड्ड्यात उतरवला. या वेळी खड्ड्याने तो घेतला, आणि माती आपली आपण मिटली.

पुढच्या पावसाळ्यानंतर, मुंग्यांनी जिथे जिथे बी नेलं होतं, तिथे तिथे सोनतारी फुलली. दुसऱ्या राज्यात तिला वर्षं लागली असती. त्या पठाराची मात्र वाट पाहून झाली होती. राजा कालंजनाला घेऊन कडेला उभा राहिला.

"मी शब्द दिला होता," राजा म्हणाला. "यांतले अर्धे तुझे. कुठून खणायचं ते तू सांग."

कालंजनाच्या हातात कुदळ होती. तो पाहत राहिला. पिवळं संपत नव्हतं. आभाळ सुरू होत होतं तिथपर्यंत ते गेलं होतं, आणि वारा आला की सगळं मिळून एकदम श्वास घेतल्यासारखं हलत होतं.

"राजा, मी नेहमी उन्हाळ्यात यायचो," तो म्हणाला. "कंद झोपेत असताना खणायला सोपे असतात. पठार फुललेलं मी कधी पाहिलंच नाही. एकदाही नाही."

त्याने कुदळ खाली ठेवली. तो राजाच्या झोपडीत राहिला, दर पावसाळ्यात गवत उपटत राहिला, इतर माणसांसारखा म्हातारा झाला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी आपल्या वेळेला गेला.

त्या दिवशी मात्र नगरातली माणसं फुलं बघायला वर येत होती. पोरं खांद्यांवर होती, म्हाताऱ्या काठ्या टेकत येत होत्या. पण पठाराच्या कडेशी आल्यावर सगळे थांबत, कारण पाऊल ठेवायला फुलांमध्ये जागा नव्हती. मागचे विचारत, पुढे का सरकत नाही. मग तेही पाहत आणि तिथेच उभे राहत. राजा आणि राणी त्यांच्यातच उभे होते. सूर्य वर आला, डोक्यावर आला, तरी कोणाला खाली उतरावंसं वाटलं नाही.

त्या राज्यात जसं सगळं आपापल्या वेळेला पिकलं, तसं ऐकणाऱ्याच्या शेतात पिको, आणि सांगणाऱ्याच्या घरात पिको.